उकिरड्याची दैना

बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. वाईट दिवस कायमचे राहत नाहीत, हा तिचा अर्थ. तो सगळ्यांना ठाऊक आहे. पण ही म्हण उकिरड्यावरूनच का पडली असेल?

कारण लोक ते डोळ्यांनी पाहत होते. घरातला केर उकिरड्यावर पडे. गोठ्यातले शेण पडे. चुलीतली राख पडे. भाजीची देठे, झाडाचा पाला, फाटके गोणपाट, झिजलेली केरसुणी, सगळे तिथेच जाई. उन्हापावसात ते कुजे. उन्हाळा आला की बैलगाडी जुंपून ते खत शेतात नेत. त्या खतावर ज्वारी उभी राही. आज ज्याला नाक मुरडले, तेच पुढच्या साली भाकरी होऊन ताटात येई. उकिरड्याचे दैव असे फिरत असे.

त्या जुन्या उकिरड्यात एक मोठा गुण होता. त्यात पडणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू मातीतून आलेली होती आणि मातीत परत जाणारी होती. म्हणून काही निवडावे लागत नसे. टाकले की काम झाले.

आता तुमच्या गावच्या उकिरड्याशी जाऊन उभे राहा आणि नीट बघा. शेण आहे. पालाही आहे. पण आणखी काय आहे? दुधाच्या पिशव्या आहेत. शाम्पूच्या पुड्या आहेत. बिस्किटांचे चकचकीत कागद आहेत. पाण्याच्या बाटल्या, गोळ्यांची पाकिटे, फुटका बल्ब, घड्याळातला सेल, लहान मुलांचे एकदा वापरून टाकायचे लंगोट, सगळे आहे.

उकिरडा तोच आहे. टाकायची सवयही तीच आहे. कचरा मात्र बदलला. सगळा घोटाळा इथे झाला आहे.

शेतात काय जाते?

हा ढीग आपण पूर्वीसारखाच शेतात नेतो. शेण कुजते, पाला कुजतो. प्लास्टिक कुजत नाही. बारा वर्षे थांबलात तरी त्याची दैना फिटत नाही. नांगराच्या फाळाला पिशव्या अडकतात. जमिनीत पिशवी पसरून राहिली, तर तिच्यावरून पाणी खाली मुरत नाही. तिच्या खालचे बी वर येत नाही.

उन्हाने प्लास्टिक कडक होते आणि त्याचे तुकडे पडतात. तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे होतात. शेवटी ते डोळ्यांना दिसेनासे होतात. दिसत नाहीत म्हणजे संपले, असे नाही. ते मातीत राहतात, पाण्यात जातात. २०२२ साली नेदरलँड्स या देशातल्या शास्त्रज्ञांनी २२ माणसांचे रक्त तपासले. त्यांतल्या १७ जणांच्या रक्तात प्लास्टिकचे बारीक कण सापडले. आपण टाकलेली वस्तू अशी फिरून आपल्याच अंगात येते.

एका गाईची गोष्ट

साक्षरतेच्या वर्गांच्या निमित्ताने आम्ही गावोगाव हिंडतो. एका गावातली गोष्ट सांगतो. आमच्या वर्गात एक मावशी येत असत. त्यांच्या घरी एक गाय होती. त्या दुधावर घरचा बाजारहाट चाले. एकदा गाईने चारा खायचे सोडले. पोट फुगले. रवंथ थांबले. दोन दिवस घरगुती औषधे झाली. तिसऱ्या दिवशी गुरांचे डॉक्टर आले, पण फार उशीर झाला होता. गाय गेली.

गाय कशाने गेली हे कळावे म्हणून डॉक्टरांनी तिचे पोट फाडले. आत प्लास्टिकचा मोठा गोळा निघाला. पिशव्या, दोऱ्या, चिंध्या, सगळे एकमेकांत घट्ट वळलेले होते. मावशी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, माझी गाय गावभर हिंडणारी नव्हती हो. दावणीलाच असायची. संध्याकाळी घटकाभर परसात सोडायची, तेवढंच."

डॉक्टर म्हणाले, "मावशी, परसातच तर उकिरडा आहे तुमचा."

मग मावशींनी त्या गोळ्यातली एक पिशवी काठीने बाजूला केली. तिच्यावर अजून थोडी अक्षरे होती. मावशी नुकत्याच वाचायला शिकल्या होत्या. त्यांनी एकेक अक्षर लावून वाचले. ते साड्यांच्या दुकानाचे नाव होते. तीन वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नाचा बस्ता त्यांनी त्याच दुकानात बांधला होता.

मावशी पुढे काही बोलल्या नाहीत. आम्हीही बोललो नाही.

गाय प्लास्टिक का खाते? तिला काय ते बेचव लागत नाही? तर तसे नाही. आपण उरलेली भाजी, शिळी भाकरी, फळांच्या साली पिशवीत भरतो, वर गाठ मारतो आणि फेकतो. गाईला अन्नाचा वास येतो. तिला गाठ सोडता येत नाही. गाय जिभेने चारा ओढते, आधी गिळते आणि मग सवडीने रवंथ करते. म्हणून पिशवीसकट घास पोटात जातो. गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला कप्पा सर्वांत मोठा. प्लास्टिक तिथे जाऊन बसते. ते पचत नाही आणि पुढेही सरकत नाही. पिशवीत पिशवी अडकते, गोळा वाढतो. चाऱ्याला जागाच उरत नाही. दावणीत चारा असतो आणि गाय उपाशी मरते.

२०१९ साली चेन्नई शहरात एका गाईवर शस्त्रक्रिया झाली. तिच्या पोटातून ५२ किलो प्लास्टिक निघाले. म्हणजे धान्याचे एक पोते भरून! ती गाय वेळेवर दवाखान्यात पोचली. सगळ्याच गाईंचे नशीब तसे नसते.

घरातच तीन वाटे करा

मग यावर उपाय काय? उपाय सोपा आहे. कचरा एकत्र करू नका. एकत्र झाला की तो घाण होतो. वेगळा ठेवला की त्याचा माल होतो.

वर्गात हे सांगितले की एखादी आजी हमखास विचारते, "वेगळं करत बसायला सवड कुणाला आहे, बाबा?" आम्ही त्यांना उलट विचारतो, "आजी, तुम्ही तांदूळ आणि डाळ एकाच डब्यात भरता का?" आजी हसतात. तांदूळ-डाळ आधीच वेगळी ठेवली तर कष्ट पडत नाहीत. मिसळली तर दिवसभर सूप घेऊन निवडत बसावे लागते. कचऱ्याचेही तसेच आहे. टाकतानाच वेगळा टाकला तर एका पळाचेही जास्त काम नाही.

घरात तीन ठिकाणे ठरवा. नवे डबे विकत आणायला नकोत. एक फुटकी बादली, एक गोणपाट आणि एक झाकणाचा जुना डबा पुरे.

बादलीत ओला कचरा टाका. ओला म्हणजे कुजणारा. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, खरकटे, अंड्याची टरफले, पूजेची सुकलेली फुले, अंगणातला पाला, हे सगळे यात येते. पाला वाळलेला असला तरी तो कुजतो, म्हणून तो ओल्याच कचऱ्यात धरायचा.

गोणपाटात सुका कचरा टाका. सुका म्हणजे न कुजणारा, पण पुन्हा कामी येणारा. कागद, पुठ्ठा, बाटल्या, पिशव्या, काच, पत्रा, लोखंड, रबर, तुटक्या चपला यात येतात. कागद खरे तर कुजतो, पण कोरडा राहिला तर त्याचे पैसे येतात. दुधाची पिशवी धुऊन वाळवून टाका. न धुता टाकली तर दोन दिवसांत सगळ्या गोणपाटाला वास मारतो.

झाकणाच्या डब्यात जोखमीचा कचरा टाका. ज्याने माणसाला इजा होते किंवा विष पसरते, तो जोखमीचा. त्याबद्दल पुढे सांगू. हा डबा मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

ओल्या कचऱ्याचे खत

घराच्या परसात दोन खड्डे घ्या. प्रत्येक खड्डा तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट खोल असावा. जागा थोडी उंचावर, सावलीची बघा. विहीर किंवा हातपंप निदान ५० फूट लांब असावा. दोन खड्डे अशासाठी की, एक भरेपर्यंत दुसऱ्यातले खत पिकत राहते.

खड्ड्याच्या तळाशी काटक्या किंवा तुराट्या अंथरा. त्यामुळे खालून हवा खेळते. तिच्यावर रोजचा ओला कचरा टाका. कचऱ्यावर वाळला पाला पसरा. पाणी घालून पातळ केलेले शेण त्यावर शिंपडा. मग मूठ-दोन मूठ माती भुरभुरवा. असे थरावर थर द्या. कचरा कधीही उघडा ठेवू नका. उघडा राहिला की त्यावर माश्या अंडी घालतात. उन्हाळ्याच्या दिवसांत आठ-दहा दिवसांत त्या अंड्यांच्या नव्या माश्या होतात. त्याच माश्या पुढे आपल्या ताटावर बसतात आणि जुलाब, हगवण घरात आणतात.

कचरा कुजतो म्हणजे काय होते? मातीत आणि शेणात डोळ्यांना न दिसणारे फार बारीक जीव असतात. ते कचरा खातात आणि त्याचे खत करतात. ते आपले फुकटचे गडीच समजा. या गड्यांना तीन गोष्टी लागतात. अन्न, पाणी आणि हवा. अन्न म्हणजे आपला कचरा. पाणी किती? मूठभर कचरा हातात घेऊन दाबा. बोटांतून एखादा थेंब निघाला तर ओल बरोबर आहे. पाणी गळू लागले तर जास्त झाले, मग वाळला पाला घाला. काहीच निघाले नाही तर पाणी शिंपडा.

खड्ड्याला घाण वास येऊ लागला, तर समजा की आत हवा कमी पडते आहे. फावड्याने कचरा वरखाली करा. वास जातो. काम नीट चालले आहे का, हे बघायचीही एक खूण आहे. लोखंडी सळई खड्ड्यात खुपसून ठेवा. थोड्या वेळाने बाहेर काढून हात लावा. ती गरम लागली तर आतले गडी जोरात कामाला लागले आहेत.

खड्डा भरला की वर मातीचा थर द्या आणि शेणाने लिंपा. महिन्याभराने एकदा वरखाली करा आणि पुन्हा झाका. पावसाळ्यात वर पत्रा किंवा झापाचे छप्पर करा. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. तयार खत काळसर, भुसभुशीत असते. पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा त्याला वास येतो. साल कुठली, देठ कुठले, काही ओळखू येत नाही.

खत पूर्ण पिकू द्या, घाई करू नका. कच्च्या शेणखतातून शेतात हुमणी जाते. तणाचे बी जाते. खड्ड्यातली ऊब चांगली झाली म्हणजे ते बी मरून जाते.

ज्यांच्याकडे शेतातला काडीकचरा भरपूर आहे पण जनावरे थोडी आहेत, त्यांनी नाडेप टाके बांधावे. ही पद्धत आपल्याच एका शेतकऱ्याने शोधून काढली. यवतमाळ जिल्ह्यात पुसदला ना. दे. पांढरीपांडे नावाचे शेतकरी होते. त्यांच्या नावाच्या अक्षरांवरून तिला 'नाडेप' म्हणतात. हे टाके जमिनीवर विटांचे बांधतात. लांबी १० फूट, रुंदी ६ फूट आणि उंची ३ फूट. भिंतीत मधून मधून भोके ठेवतात, म्हणजे हवा खेळते. यात सुमारे १०० किलो शेणावर १४००-१५०० किलो काडीकचरा कुजतो. साधारण चार महिन्यांत खत मिळते. तुराट्या, पऱ्हाट्या, उसाचे पाचट बांधावर पेटवून देणाऱ्यांनी याचा विचार करावा. धूर करून आपण खतच आकाशात घालवतो.

सुक्या कचऱ्याचे काय होते?

गोणपाट भरले की भंगारवाल्याची वाट बघा. तो आला की सगळे एकदम देऊन टाकू नका. लोखंड वेगळे, पत्रा वेगळा, पुठ्ठा वेगळा, बाटल्या वेगळ्या असतील तर भाव बरा मिळतो.

भंगारवाला हा माल शहरात नेतो. पुढे तो कारखान्यात जातो. रद्दी भिजवून तिचा लगदा करतात आणि त्याचा नवा कागद, पुठ्ठा होतो. लोखंड भट्टीत वितळून त्याच्या सळया होतात. काच कितीही वेळा वितळली तरी काचच राहते. प्लास्टिकच्या बाटल्या, डबे, बादल्या दळून त्याचे दाणे करतात. त्या दाण्यांच्या पुन्हा बादल्या आणि नळ्या होतात. जर्मनचे भांडे म्हणजे ॲल्युमिनियम. खाणीतल्या मातीतून नवे ॲल्युमिनियम काढायला वीज फार लागते. जुने भांडे वितळवायला तिच्या विसाव्या हिश्श्याइतकीच शक्ती पुरते. म्हणजे एक फुटके पातेले उकिरड्यावर फेकणे, ही देशाची विजेची उधळपट्टी आहे.

हा कचरा निवडणारी माणसेही आपण ध्यानात ठेवली पाहिजेत. शहरात हजारो बाया कचरा वेचून पोट भरतात. आपण काच, ब्लेड, खरकटे सगळे एकत्र टाकतो आणि त्या त्यात हात घालतात. हात कापतो, जखम चिघळते. १९९३ साली पुण्यात अशा कष्टकऱ्यांनी 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' नावाची संघटना उभी केली. कचरा वेचणे हे सुद्धा मानाचे काम आहे, हे त्यांनी शहराला दाखवून दिले. आपण कचरा वेगळा दिला, तर कुणा तरी माउलीचा हात वाचतो.

एक अडचण मात्र आहे. चकचकीत पुड्या भंगारवाला घेत नाही. शाम्पूची पुडी, वेफर्सचे पाकीट, गुटख्याची पुडी यांत प्लास्टिक आणि इतर पापुद्रे एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणे परवडत नाही. म्हणून अशी पुडी घरात येईल तितकी कमी आणावी. आल्यास कोरडी ठेवून ग्रामपंचायतीच्या गाडीत द्यावी.

जोखमीचा कचरा

पिकावर फवारायच्या औषधाची बाटली आता तुम्ही हातात घ्या. तिच्यावर एक चौकोन छापलेला असतो. तो एका कोनावर उभा असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघा. लाल असेल तर ते सर्वांत जहाल विष. पिवळा त्याहून कमी. निळा आणखी कमी. हिरवा सर्वांत कमी. पण हिरवा म्हणजे बिनधोक, असे समजू नका. आता तुम्हाला वाचता येते. बाटलीवरची सूचना आधी वाचा आणि मग झाकण उघडा.

बाटली रिकामी झाली तरी विष संपत नाही. तिच्यात तेल, पाणी, रॉकेल काही भरू नका. अशा बाटलीतले पाणी पिऊन जीव गमावू नका. फवारणीच्या वेळीच बाटली तीन वेळा पाण्याने विसळा आणि ते पाणी पंपातच ओता. मग बाटलीला भोक पाडा, म्हणजे कुणी ती वापरणार नाही. ती ओढ्यात, विहिरीत, उकिरड्यावर टाकू नका. गोळा करण्याची सोय असेल तिथे द्या. सोय नसेल तर फोडून, वस्तीपासून आणि पाण्यापासून लांब खोल पुरा.

सेल, ट्यूब आणि फुटलेले बल्ब डब्यात वेगळे ठेवा. त्यांतली विषारी द्रव्ये मातीत उतरू देऊ नका. ब्लेड आणि सुया जाड डब्यात घाला. सुया आरोग्य केंद्रात नेऊन द्या. मुदत संपलेल्या गोळ्या मुलांच्या हाती पडू देऊ नका.

पाळीच्या वेळी वापरलेले पॅड आणि मुलांचे लंगोट कागदात गुंडाळून वेगळे ठेवा आणि गाडीत द्या. संडासात टाकू नका, संडास तुंबतो. उघड्यावर टाकले तर कुत्री ओढत नेतात. यात लाजण्यासारखे काही नाही. सुती कापडाच्या घड्या वापरणाऱ्या बायांनी त्या साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवाव्या.

आणखी एक वस्तू दिसायला गरीब असते. जुने टायर, करवंटी, फुटका डबा. त्यांत पावसाचे पाणी साठते आणि डेंग्यूचा डास अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत त्याचे नवे डास होतात. म्हणून आठवड्यातून एकदा अशी भांडी उपडी करा.

पेटवून देऊ नका

पुष्कळ लोक म्हणतात, "एवढं कशाला? काडी लावली की झालं." असे करू नका. प्लास्टिक जळाले की काळा, उग्र धूर निघतो. त्यात विषारी वायू असतात. डोळे चुरचुरतात, खोकला येतो. दम्याच्या माणसाचा जीव घाबरा होतो.

काही घरांत चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी वापरतात. ती पटकन पेट घेते, हे खरे. पण तो धूर स्वयंपाक करणारीच्या छातीत जातो. शेजारी खेळणाऱ्या लेकराच्या छातीत जातो. त्यापेक्षा वाळलेली करवंटी किंवा काटक्या वापरा.

मुळात कमी आणा

सर्वांत चांगला कचरा तो, जो घरात आलाच नाही. बाजाराला जाताना कापडी पिशवी न्या. जुन्या लुगड्याच्या किंवा धोतराच्या चार पिशव्या घरीच शिवता येतात. तेलाला किटली न्या. लग्नकार्यात, भंडाऱ्यात पानांच्या पत्रावळी वापरा. त्या जेवणानंतर खड्ड्यात जातील आणि खत होतील. थर्मोकोलच्या ताटल्या जाणार कुठे? महाराष्ट्र सरकारने २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्मोकोलची ताटे यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून साऱ्या देशात प्लास्टिकचे चमचे, पेले, ताटल्या अशा एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी आली. पण नुसत्या कायद्याने उकिरडा साफ होत नाही. हात आपलेच लागतात.

गावाने मिळून करावे

एका घराने नेटके राहिले आणि शेजाऱ्याने पिशवी फेकली, तर वारा ती आपल्याच अंगणात आणतो. म्हणून हे काम गावाचे आहे. ग्रामसभेत विषय काढा. सुक्या कचऱ्यासाठी गावात एक कोरडी खोली मागा. गाडी कोणत्या वारी येणार, ते ठरवून घ्या.

हे होण्यासारखे आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ले नावाचे समुद्रकाठचे लहान शहर आहे. तिथल्या लोकांनी घराघरांत कचरा वेगळा करायला सुरुवात केली. ओल्या कचऱ्यापासून गॅस केला. प्लास्टिक बारीक करून डांबरात मिसळले आणि रस्त्याला वापरले. जिथे कचऱ्याचे डोंगर होते, तिथे बाग उभी राहिली. लोक ती पाहायला जाऊ लागले.

आपल्याकडे तर ही शिकवण फार आधीपासून आहे. अमरावती जिल्ह्यात शेंडगाव इथे १८७६ साली गाडगेबाबांचा जन्म झाला. ते गावात आले की आधी खराटा हातात घेत आणि गाव झाडून काढत. कीर्तन रात्री होई. १९५६ साली ते गेले. त्यांच्या नावाने महाराष्ट्र सरकारने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. बाबांनी पाटी-पुस्तकाचाही तितकाच आग्रह धरला होता. खराटा आणि अक्षर, दोन्ही आपल्या हाती आली आहेत.

त्या मावशींचे सांगायचे राहिले. त्यांनी पुढच्या वर्षी कर्ज काढून दुसरी गाय घेतली. पण गाय आणण्याआधी त्यांनी परसातला उकिरडा उपसला. निघालेले प्लास्टिक पोत्यांत भरले, दोन खड्डे घेतले आणि त्यांना काटेरी कुंपण घातले. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी ओंजळभर खत आणून आमच्या हातावर ठेवले. त्यात पिशवीचा एक तुकडा नव्हता.

"बारा वर्षं कशाला लागतात हो?" त्या म्हणाल्या. "चार महिने पुरतात."

एवढे ध्यानात ठेवा

१. ओला, सुका आणि जोखमीचा कचरा टाकतानाच वेगळा करा.
२. उरलेले अन्न पिशवीत बांधून कधीही फेकू नका.
३. ओल्या कचऱ्यासाठी दोन खड्डे घ्या. कचरा नेहमी झाकलेला ठेवा.
४. सुका माल धुऊन, वाळवून, निवडून विका.
५. विषाच्या रिकाम्या बाटलीत काहीही भरू नका.
६. प्लास्टिक जाळू नका. चुलीत तर नाहीच.
७. बाजाराला जाताना कापडी पिशवी न्या.

विचार करा आणि सांगा

१. जुन्या उकिरड्यात आणि आजच्या उकिरड्यात फरक कोणता?
२. खड्ड्याला घाण वास आला तर काय करावे?
३. तुमच्या घरात काल कोणकोणता कचरा निघाला? त्याचे तीन वाटे करून वहीत लिहा.